नॉर्वेचा वेस्टफोल्ड किनारा: पहिल्यांदा जाणाऱ्यांनी कसा बघावा

नॉर्वेला जायचं म्हटलं की आपल्याकडची मंडळी कॅलेंडरवरचा फ्योर्ड डोक्यात घेऊन निघतात. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधे हिरवं पाणी, त्यात एक पांढरी क्रूझ. ते सगळं पश्चिमेला, बर्गनच्या अंगाला. मी ओस्लोत राहते आणि घरी आलेल्या पाहुण्यांना आधी उलट दिशेला, दक्षिणेला नेते. ओस्लोफ्योर्डच्या पश्चिम काठावर वेस्टफोल्ड नावाचा छोटासा जिल्हा आहे. इथे कडे नाहीत. बुटके, गुळगुळीत कातळ आहेत, पांढरी लाकडी घरं आहेत, असंख्य बेटं आहेत, आणि हजारभर वर्षं समुद्रावर पोट भरलेली गावं आहेत: होर्टन, टोन्सबर्ग, सान्देफ्योर्ड, लार्विक, स्टावर्न.

चार दिवस पुरतात. गाडी भाड्याने घ्यावी लागत नाही. फक्त एक चूक करू नका, ‘ओस्लोहून एका दिवसात उरकू’ म्हणू नका. ही गावं बघण्यापेक्षा रेंगाळण्याची आहेत.

पहिली पायरी: महिना ठरवा

आपली मे महिन्याची सुट्टी इथे थोडी लवकर पडते. झाडांना पालवी असते, पण पाण्यात पाय घातला की कळ डोक्यापर्यंत जाते. जुलैचे शेवटचे तीन आठवडे सगळा नॉर्वे एकदम सुट्टीवर असतो आणि ओस्लोची निम्मी माणसं याच किनाऱ्यावरच्या आपापल्या ‘हित्ते’त, म्हणजे सुट्टीच्या घरात, येऊन पडलेली असतात. त्या दिवसांत खोली महाग आणि बंदरावर बसायला बाक मिळत नाही.

माझं मत विचाराल तर जूनचा पूर्वार्ध किंवा ऑगस्टचा दुसरा पंधरवडा. जूनमध्ये रात्री साडेदहालाही उजेड असतो. ऑगस्टमध्ये पाणी उन्हाळाभर तापून पोहण्याजोगं झालेलं असतं आणि शाळा सुरू झाल्यामुळे गर्दी ओसरलेली असते. २३ जूनच्या संध्याकाळी इथे असाल तर पाण्याकाठी पेटलेल्या ‘सांक्तहान्स’च्या होळ्या बघायला मिळतील; आपल्यासारखी बोंबाबोंब मात्र नाही, माणसं खुर्च्या टाकून शांत बसतात. हिवाळ्यात येऊ नका, असं नाही. पण छोटी संग्रहालयं बंद किंवा दोन-तीन तासांपुरती उघडी असतात आणि दुपारी साडेतीनला अंधारून येतं.

दुसरी पायरी: व्हिसा, पैसे आणि पिशवी

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. म्हणजे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसाच लागतो: १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्यासाठी तो जितका लवकर कराल तितकं बरं. किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे.

चलन युरो नाही, नॉर्वेजियन क्रोन. एक क्रोन साधारण नऊ रुपयांच्या आसपास धरा. रोख पैसे काढून आणण्याच्या भानगडीत पडू नका. शौचालयापासून बसपर्यंत सगळीकडे कार्ड चालतं.

आता पिशवीचं. युरोपबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, श्रीखंडाची वडी नाही. सासूबाईंनी सुनेसाठी प्रेमाने बांधून दिलेला तुपाचा डबा विमानतळावर टाकावा लागतो आणि मग ते दुःख चार दिवस पुरतं. चिवडा, चकली, भाजणी, मसाले खुशाल आणा. बटाटेही आणू नका. त्यांच्यावर वेगळी बंदी आहे.

कपड्यांत एक वारा अडवणारं जाकीट आणि घसरणार नाहीत असे बूट. छत्री घरी ठेवा, वारा ती उलटी करतो.

तिसरी पायरी: गाडीत बसा, आणि नावं कान देऊन ऐका

ओस्लोच्या गार्डरमोएन विमानतळावरून थेट टोन्सबर्ग, सान्देफ्योर्ड, लार्विककडे जाणारी रेल्वे आहे. ओस्लो मध्यवर्ती स्थानकातूनही तीच पकडता येते. ओस्लोहून टोन्सबर्गला साधारण सव्वा तास लागतो. तिकीट आणि वेळापत्रकासाठी ‘एन्टूर’ हे ॲप घ्या, त्यात देशभरच्या रेल्वे, बस, फेरीबोटी एकत्र दिसतात.

वाटेत होल्मेस्ट्रान लागेल. २०१६ साली उघडलेलं हे स्थानक डोंगराच्या पोटात आहे आणि तिथून लिफ्टने थेट डोंगरमाथ्यावरच्या वस्तीत जाता येतं.

नावांचा घोळ आधीच सांगते. ‘सान्देफ्योर्ड’ असं आपण वाचतो, पण गाडीतली बाई म्हणते ‘सान्नेफ्यूर’. टोन्सबर्गमधला पहिला स्वर आपल्याकडे नाहीच. ओठ ‘ओ’चे ठेवायचे आणि आवाज ‘ए’चा काढायचा. जमलं नाही तरी चालतं. पण स्थानक ओळखायला कानावर विसंबू नका, पाटी वाचा.

दुसरा घोळ टोर्प विमानतळाचा. स्वस्तातली काही विमानं ‘ओस्लो टोर्प’ असं लिहून तिकिटं विकतात. टोर्प ओस्लोत नाही, सान्देफ्योर्डला आहे, ओस्लोपासून शंभर किलोमीटरच्या वर. ओस्लोला जाणाऱ्याचा पचका होतो, तुमचा मात्र फायदा. युरोपातल्या दुसऱ्या शहरातून येणार असाल तर टोर्पला उतरा, की थेट वेस्टफोल्डमध्येच पोहोचलात.

चौथी पायरी: मुक्काम टोन्सबर्गला

रोज हॉटेल बदलू नका. टोन्सबर्गहून सान्देफ्योर्ड वीसेक मिनिटं, लार्विक पाऊण तासाच्या आत, आणि बेटांकडे जाणाऱ्या बसही इथूनच सुटतात.

टोन्सबर्ग स्वतःला नॉर्वेतलं सर्वांत जुनं शहर म्हणवतं. जुन्या ‘सागां’च्या, म्हणजे मध्ययुगीन वीरकथांच्या, आधारे स्थापनेचं साल ८७१ धरतात, आणि १८७१ साली त्यांनी थाटात हजार वर्षं साजरी केली. इतिहासकार या तारखेबद्दल नाक मुरडतात. गावाला त्याचं काही नाही.

पहिल्या दिवशी आधी स्लॉट्सफ्येलेट टेकडी चढा. दहा मिनिटांची चढण आहे. वर मध्ययुगीन किल्ल्याचे पाये आणि १८८८ साली बांधलेला बुरूज आहे. बुरूज म्हणजे जुना किल्ला नव्हे, त्याची आठवण. पण इथून गावाचा नकाशा डोक्यात बसतो: खाली धक्का, पलीकडे नोत्तेरोय बेट, मधली चिंचोळी खाडी. टेकडीच्या पायथ्याच्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे आणि क्लोस्टा इथे सापडलेलं वायकिंगांच्या, म्हणजे इथल्या जुन्या दर्यावर्दी लोकांच्या, काळातलं मालवाहू जहाज. या जहाजात काय होतं? सोनं-चांदी नाही. धार लावायचे दगड. मला हे फार आवडतं. वायकिंग म्हटलं की शिंगांची टोपी (जी ते घालत नव्हते) आणि लुटालूट आठवते. इथे मात्र सहाणेचे दगड भरून बाजाराला निघालेला एक व्यापारी दिसतो.

मग धक्क्यावर जा. तिथे बांधलेलं, दोन्ही टोकं (नाळ) गोल वळलेलं काळपट जहाज म्हणजे ‘सागा ओसेबर्ग’. मूळ ओसेबर्ग जहाज टोन्सबर्गबाहेरच्या एका शेतातल्या ढिगाऱ्यात १९०४ साली खणून काढलं. सुमारे ८२० साली बांधलेलं आणि ८३४ साली दोन स्त्रियांच्या देहांसह पुरलेलं. त्याची एक प्रतिकृती १९८०च्या दशकात केली होती, ती शीड उभारून चाचणी घेताना बुडाली. तेव्हा शंका आली की संग्रहालयात तुकडे जोडताना जहाजाचा आकारच थोडा चुकला असावा. मूळ फळ्या लेझरने मोजल्या, आराखडा नव्याने केला आणि २०१२ साली ही नवी प्रतिकृती पाण्यात सोडली. ती व्यवस्थित तरंगते, शिडावर चालते.

माझे सासरे हर्णैचे. त्यांनी या जहाजाजवळ पाऊण तास घालवला. फळ्या इथे एकीवर एक चढवलेल्या असतात, छपरावर कौलं बसवतात तशा, आणि लोखंडी रिव्हेटांनी जोडलेल्या. बाबांनी अंगठ्याने एका फटीतला राळ-लोकरीचा बोळा चाचपला, वास घेतला, आणि म्हणाले, ‘‘डांबर आपल्यासारखंच. पण एवढं उथळ? लाटेला टिकतं कसं?’’ शेजारी एक म्हातारे गृहस्थ कुऱ्हाडीने फळी तासत होते. इथे हौशी मंडळी जुन्याच हत्यारांनी जहाजं बांधतात आणि उभं राहून बघायला कुणी हटकत नाही. मी दुभाष्याचं काम केलं. उत्तर असं की जहाज वाकतं, ताठ राहत नाही, म्हणून टिकतं. बाबांना ते पटलं. मग त्यांनी विचारलं, ‘‘ओहोटी किती वाजता?’’

याचं उत्तर प्रत्येक कोकणी माणसाला चक्रावून टाकतं. ओस्लोफ्योर्डमध्ये भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर असतो. धक्का कायम पाण्याला टेकलेला, होड्या कधीच चिखलात बसत नाहीत, लोकांची घरं लाटेपासून दोन हातांवर.

मूळ जहाज ओस्लोच्या संग्रहालयात आहे. ते संग्रहालय २०२२पासून बांधकामासाठी बंद ठेवलं होतं, तेव्हा निघण्याआधी उघडलं का ते बघा. त्याच थडग्यातल्या एका बादलीच्या कडीवर मांडी घातलेल्या, डोळे मिटलेल्या मूर्ती आहेत आणि नॉर्वेजियन तिला ‘बुद्ध-बादली’च म्हणतात. आपल्याला लगेच भारताचा धागा सापडल्यासारखं वाटतं, पण ते काम बहुधा आयर्लंडकडचं आहे.

पाचवी पायरी: सान्देफ्योर्ड, मन घट्ट करून

दुसरा दिवस सान्देफ्योर्डचा. हे गाव देवमाशांच्या तेलावर श्रीमंत झालं, आणि ते झाकत नाही.

टोन्सबर्गच्या स्वेन फॉयन याने १८७० साली स्फोटक हारपूनचं पेटंट घेतलं. तोफेतून सुटणारा, देवमाशाच्या आत जाऊन फुटणारा भाला. त्यामुळे आधी जे प्रचंड, वेगवान देवमासे हाती लागत नव्हते ते लागू लागले. उत्तरेकडचे संपत आले तशी जहाजं थेट अंटार्क्टिककडे वळली. शरद ऋतूत गावातले पुरुष जायचे, वसंतात परतायचे. तेलापासून साबण आणि मार्गारीन बनायचं. नॉर्वेची अंटार्क्टिकमधली शिकार १९६८ साली थांबली. कायद्याने बंद पडली असं नव्हे, देवमासेच उरले नव्हते.

बंदराजवळचं शिकारीचं संग्रहालय १९१७ पासूनचं आहे, जहाजमालक लार्स क्रिस्तेन्सेन याने गावाला दिलेलं. आत निळ्या देवमाशाची पूर्ण आकाराची प्रतिकृती टांगलेली आहे. तिच्याखालून चालत गेल्याशिवाय तो आकार कळत नाही. तिकीट ठेवून द्या, ते पुढे जहाजावरही चालतं. धक्क्याला १९५० सालचं ‘सदर्न ॲक्टर’ हे शिकारी जहाज बांधलेलं असतं आणि उन्हाळ्यात त्यावर चढता येतं. इंजिनघरात उतरा, मग वर नाळेवरच्या तोफेपाशी उभे राहा. लहान मुलं बरोबर असतील तर काय बघायचं आहे ते आधी समजावून सांगा. जुन्या छायाचित्रांत रक्त आहे.

धक्क्याच्या टोकाला शिकाऱ्यांचं स्मारक आहे, शेपटीने उडवलेल्या होडीतली माणसं. क्नुत स्टेनने ते १९६० साली केलं आणि ते संथ फिरत राहतं. समोर पाच मिनिटं बसलात तर कळेल.

एक गंमत: ‘जोटुन’ नावाचे रंग तुम्ही महाराष्ट्रातल्या दुकानांत पाहिले असतील, पुण्याजवळ रांजणगावला त्यांचा कारखानाही आहे. ती कंपनी या गावची. देवमाशांच्या जहाजांना लागणारा रंग विकता विकता १९२६ साली उभी राहिली आणि मुख्यालय अजून इथेच आहे.

वेळ उरला तर गावाबाहेरचा गोक्स्टा ढिगारा बघा. १८८० साली यातून दुसरं मोठं वायकिंग जहाज निघालं. आज तिथे फक्त गवताचा उंचवटा आहे, त्यामुळे खास वाट वाकडी करून जावं असं मी म्हणणार नाही.

सहावी पायरी: लार्विक आणि स्टावर्न

लार्विकच्या स्थानकाबाहेर आलात की कडेच्या दगडांकडे बघा. गडद, निळसर चमक मारणारे. ओळखीचे वाटतात? आपल्याकडे दगडवाले ज्याला ‘ब्लू पर्ल ग्रॅनाइट’ म्हणतात आणि ज्याचा स्वयंपाकघराचा ओटा करतात, तो हाच. खरं तर तो ग्रॅनाइट नाही, लार्विकाइट. नाव या गावावरूनच पडलं आहे आणि इथल्या खाणींतूनच तो जगभर जातो. नॉर्वेने २००८ साली त्याला राष्ट्रीय खडक ठरवलं. माझ्या आईच्या डोंबिवलीच्या ओट्याचं मूळ गाव इथे आहे हे कळलं तेव्हा मी तिला लगेच फोटो पाठवला. तिचं उत्तर: ‘‘तेलाचे डाग निघतात का विचार.’’

लार्विकमध्ये तोलेरोडेन या पाण्याकाठच्या भागात फिरा. कॉलिन आर्चर इथे १८३२ साली जन्मला. त्याने ‘फ्राम’ हे ध्रुवीय जहाज लार्विकलाच बांधलं आणि १८९२ साली पाण्यात सोडलं. बुडाचा आकार असा गोलसर की बर्फ आवळायला लागलं की जहाज चिरडण्याऐवजी वर उचललं जावं. फ्राम आता ओस्लोत आहे, त्याच्या पोटात शिरता येतं. लार्विक बघून मग ते बघा. ‘कॉन-टिकी’ तराफ्यावरून १९४७ साली प्रशांत महासागर ओलांडणारा थोर हेयरडालही याच गावचा.

इथून बसने वीसेक मिनिटांवर स्टावर्न. मला विचाराल तर या किनाऱ्यावरचं सगळ्यांत देखणं गाव. १७५०च्या सुमारास इथे आरमाराची गोदी उभी राहिली. पिवळी-पांढरी जुनी बांधकामं अजून आहेत. गावाच्या कडेला पिरॅमिडसारखं ‘मिनेहालेन’ आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या नॉर्वेजियन खलाशांसाठी १९२६ साली बांधलेलं, पुढे दुसऱ्या महायुद्धातल्यांची नावंही तिथे आली. खाली तळघरात भिंतभर नावं आहेत. बोलायचं असेल तर बाहेर येऊन बोला.

स्टावर्नपासून पश्चिमेला सुमारे ३५ किलोमीटरची किनारवाट जाते. सगळी चालायची गरज नाही. बसने नेवलुंगहावनला जा आणि तिथून म्योलेनपर्यंत चाला. म्योलेन म्हणजे गोल गोट्यांचा अफाट किनारा. त्यावर दगड रचून केलेली सुमारे २३० प्राचीन थडगी आहेत. इथे दगडावर दगड ठेवून मनोरे रचू नका आणि गोटे खिशात घालू नका. जागा संरक्षित आहे. गोट्यांवर चालताना घोटा मुरगळतो, म्हणून ते बूट.

सातवी पायरी: जगाचा शेवट

टोन्सबर्गहून बसने नोत्तेरोय, मग च्योमे बेटं ओलांडत गेलं की रस्ता संपतो. त्या जागेचं नावच ‘वेर्डेन्स एंदे’, जगाचा शेवट. पुढे नुसते कातळ आणि खुला समुद्र. इथे १९३२ साली दगडात बांधलेलं एक बुटकं दीपगृह आहे: लांब लाकडी दांड्याच्या टोकाला लोखंडी टोपली, त्यात कोळसा पेटवायचा आणि दांडा वर करायचा. जुन्या पद्धतीची ही आठवण आहे, फोटो सगळ्यांचे तिथेच निघतात. शेजारी २०१३ साली झालेल्या फेर्डर राष्ट्रीय उद्यानाचं माहिती केंद्र आहे.

परतीच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या बघून ठेवा. रविवारी बस विरळ असते. आम्ही एकदा कातळावर पहुडलो, सूर्य मावळायचं नाव घेईना म्हणून वेळेचं भान राहिलं नाही, आणि मग दोन तास वाऱ्यात कुडकुडत, चिवडा खात काढले.

पोहायचं असेल तर इथले गुळगुळीत कातळ, ‘स्वाबर्ग’, बसायला सुरेख. पण ओला, काळा पट्टा दिसला की तिथे पाय ठेवू नका. पाणी पायाखालून एकदम खोल होतं. लाल, लांब धाग्यांचे जेलीफिश चावतात. आणि उथळ पाण्यात पायाला कालवं लागतील. बाहेरून आलेली प्रशांत महासागरातली जात आहे, कड पात्यासारखी. खडकावरची कालवं काय करतात ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पाण्यात जुने कॅनव्हासचे बूट घाला.

गळ टाकून समुद्रात मासे पकडायला परवाना लागत नाही, पण ओस्लोफ्योर्डमधली मासळी इतकी घटली आहे की २०१९ पासून हौशी लोकांना कॉड मारायला बंदी आहे. काही भागांत त्याहूनही कडक नियम आहेत. गळ सोडण्याआधी जागेवरचा फलक वाचा, कॉड लागला तर अलगद परत सोडा.

आठवी पायरी: खाणं

रेस्टॉरंटात रोज जेवलात तर परवडणार नाही. दुपारी डब्यात पाव-चीज बांधून न्या. नॉर्वेजियन स्वतः तेच करतात, लाजायचं काही नाही. एक संध्याकाळ मात्र ‘रेकर’साठी राखून ठेवा. बोटीवरच उकडलेली गार कोळंबी कागदी पिशवीत मिळते. धक्क्यावर बसायचं, सोलायची, पांढऱ्या पावावर मेयोनीजबरोबर रचायची, लिंबू पिळायचं. मसाला नाही. पहिल्या घासाला आपला हात मिठाकडे जातो, तिसऱ्याला थांबतो. शाकाहारी असाल तर सुपरमार्केट हाच आधार. तिथे डाळी, टोफू, तयार भाज्या सगळं असतं.

ते सुपरमार्केट रविवारी बहुतेक बंद असतं, हे शनिवारीच लक्षात ठेवा. बिअर दुकानात शनिवारी सहानंतर मिळत नाही, सोमवार ते शुक्रवार आठनंतर. वाइन फक्त सरकारी दुकानात. पाणी विकत घेऊ नका, नळाचं उत्तम आहे. पेयांच्या बाटल्या घेतल्याच तर रिकाम्या टाकू नका. प्रत्येकीवर काही क्रोन अनामत घेतलेली असते; सुपरमार्केटच्या दाराशी यंत्र आहे, त्यात बाटली सरकवा, हिरवं बटण दाबा आणि निघालेली चिठ्ठी गल्ल्यावर द्या. बाबांनी चार दिवसांत अशा पंधरा बाटल्या गोळा केल्या, त्यातल्या निम्म्या आमच्या नव्हत्या.